रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यातला थकवा: रक्तात काय बदलतं आणि घरी काय बदलायचं

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६८ वर्षांचे, निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीपुरताच आहे, हाडांत गेलेला नाही. नाशिकला रेडिएशनचे २० डोस ठरलेत, सोबत दर तीन महिन्यांनी हार्मोनचं, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन दाबणारं, इंजेक्शन. निम्म्याहून जास्त डोस झाले आणि आता वडील सकाळी उठतात तेच गळून गेलेले. दुपारी दोन तास झोपूनही तरतरी येत नाही. डॉक्टर म्हणाले, "असं होतंच." मुलाच्या वाचनात आलं की रेडिएशनमुळे रक्तातल्या जनुकांचं काम बदलतं. मग जनुकं बिघडली का? तपासणी करून घ्यावी का? आणि घरी करायचं काय?

आधी भीतीचं उत्तर. तुम्ही वाचलंय ते जनुकांच्या अभिव्यक्तीबद्दल आहे. जनुक म्हणजे पेशीतली कायमची नोंद. त्या नोंदीवरून पेशी संदेशवाहक आरएनए बनवते आणि त्यावरून प्रथिनं. कुठल्या जनुकाचा आरएनए आज किती बनतोय, ती त्याची अभिव्यक्ती. बागेत ठिबकची पाइपलाइन तीच राहते, कुठला व्हॉल्व्ह किती उघडायचा ते हंगामाप्रमाणे बदलतं, तसंच हे. ताप आला, उपास केला, रात्रभर जागरण झालं तरी रक्तातली ही अभिव्यक्ती बदलते. अभ्यासांनी मोजलेला हा बदल वडिलांच्या रक्तपेशींतला आहे. तो तुमच्यात किंवा नातवंडांत उतरत नाही. बाहेरून दिलेल्या रेडिएशनने वडिलांच्या अंगातून किरणही निघत नाहीत. नातवाला खुशाल मांडीवर बसू द्या.

आता थकव्याकडे येऊ, कारण "असं होतंच" हे वाक्य खरं असलं तरी अपुरं आहे. रेडिएशन फक्त ओटीपोटाच्या छोट्या भागावर पडतं, मग सगळं अंग का गळतं? अमेरिकेत मेरीलँडमधल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओरे सालिगन यांच्या गटाने याच प्रश्नावर काम केलं. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी बाहेरून रेडिएशन घेणाऱ्या, रोग पसरलेला नसलेल्या पुरुषांचं रक्त उपचाराआधी, मध्यावर आणि शेवटी घेतलं. त्याच वेळी थकव्याची प्रश्नावली भरून घेतली आणि हजारो जनुकांचा आरएनए एकाच वेळी मोजला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत एसएनसीए हे जनुक ठळकपणे पुढे आलं. त्यापासून आल्फा-सिन्यूक्लिन हे प्रथिन बनतं, मेंदूच्या पेशींत ते भरपूर असतं. उपचारादरम्यान रक्तातली त्याची अभिव्यक्ती वाढत गेली आणि त्या वाढीचा थकव्याशी संबंध दिसला. आयएफआय२७ हे दुसरं नाव. इंटरफेरॉन या संसर्गाशी लढणाऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्याने ते जागं होतं, एरवी विषाणूसंसर्गात दिसतं. म्हणजे शरीराची दाहाची, सूज आणून बचाव करणारी, यंत्रणा चालू झाल्याची ती खूण.

तिसरा धागा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या घटकांचा. याच गटाच्या अभ्यासांत बीसीएस१एल आणि एसएलसी२५ए३७ या जनुकांच्या अभिव्यक्तीतला बदल थकव्याच्या गुणांशी जोडलेला आढळला. बीसीएस१एल मायटोकॉन्ड्रियातल्या ऊर्जासाखळीच्या तिसऱ्या टप्प्याची जुळणी करायला मदत करतं. एसएलसी२५ए३७ मायटोकॉन्ड्रियात लोह आत नेतं. दिवसभराच्या कष्टाचा शीण रात्रीच्या झोपेने उतरतो, कारण तिथे साठा संपलेला असतो आणि तो भरून निघतो. इथे साठ्याबरोबर ऊर्जा बनवण्याची व्यवस्थाच मंदावलेली असण्याची शक्यता आहे, आणि वर दाह चालू आहे. वडील दोन तास झोपूनही ताजेतवाने होत नाहीत, यात त्यांचं मन कच्चं असल्याचा काही संबंध नाही.

दाहाचा पुरावा दुसरीकडूनही आला. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ज्युलियन बॉवर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेणाऱ्यांचं रक्त तपासलं. सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन आणि इंटरल्यूकिन-१ रिसेप्टर अँटॅगोनिस्ट या दोन दाहखुणा जिथे वाढल्या तिथे थकवाही वाढला होता.

पण हे निकाल जपून वाचावे लागतात. का, ते समजलं तर तपासणीच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. रक्तातला आरएनए म्हणजे सगळ्या रक्तपेशींचा मिळून आरएनए. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी रेडिएशनला फार नाजूक असतात. ओटीपोटातून वाहणारं रक्त किरणांच्या वाटेत येतं, ओटीपोटाभोवतीच्या (पेल्व्हिसच्या) हाडांतल्या मज्जेलाही थोडा डोस लागतो, आणि या पेशींची संख्या लवकर घटते. संख्या घटली की लिम्फोसाइटमध्ये चालणारी जनुकं एकूण नमुन्यात कमी झालेली दिसतात. प्रत्यक्षात उरलेल्या प्रत्येक पेशीत ती आधीइतकीच चालू असू शकतात. एसएनसीए आणि एसएलसी२५ए३७ तर तयार होत असलेल्या लाल पेशींतही भरपूर असतात. त्यामुळे मज्जेतून बाहेर पडणाऱ्या कोवळ्या लाल पेशींचं प्रमाण बदललं तरी या दोघांचा आकडा हलतो. त्यात हार्मोनच्या इंजेक्शनचा परिणाम मिसळतो. शिवाय हे गट लहान होते. नमुना घेण्याचीही शिस्त लागते: आरएनए टिकवणारं रसायन असलेल्या खास नळीत २.५ मिलिलिटर रक्त, आणि दरवेळी दिवसाच्या साधारण त्याच वेळी, कारण कॉर्टिसोल हे हार्मोन आणि कित्येक जनुकं घड्याळाप्रमाणे वरखाली होतात.

म्हणून स्पष्ट सांगतो: थकव्यासाठी जनुक-अभिव्यक्तीची तपासणी करू नका. एका माणसाचा आकडा पाहून औषध किंवा डोस बदलता येईल असा कुठलाही निकष आज उपचारात वापरात नाही. कुणी "फटीग जीन पॅनेल" म्हणून पॅकेज विकत असेल तर ते पैसे वाचवा. प्रोस्टेटच्या बाबतीत जनुकांच्या ज्या दोन तपासण्या खरोखर वापरल्या जातात त्या वेगळ्या. बीआरसीए२ सारख्या वारशाने येणाऱ्या दोषांची तपासणी रोग जास्त जोखमीचा असेल किंवा घरात स्तन, अंडाशय, प्रोस्टेटचे कर्करोग असतील तर करतात, आणि तिचा निकाल मुलांनाही लागू पडू शकतो. दुसरी गाठीच्या तुकड्यावर होते. डिसायफरसारखी चाचणी २२ जनुकं पाहून रोग किती आक्रमक आहे याचा अंदाज देते. दोन्हींचा थकव्याशी संबंध नाही.

तपासायचं ते साधं आहे आणि आपल्याकडे कुठेही होतं. रेडिएशनचा थकवा गृहीत धरून बसलं की त्याखाली लपलेली, औषधाने बरी होणारी कारणं राहून जातात. पुढच्या ओपीडीला या गोष्टी मागून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम, पोटॅशियम, साखर आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), टीएसएच (थायरॉइडसाठी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व, लघवीची साधी तपासणी आणि जळजळ असेल तर कल्चर (लघवीतल्या जंतूंची तपासणी). शाकाहारी घरांत बी१२ कमी असणं इतकं सर्रास आहे की ते पाहिल्याशिवाय थकव्याला नाव देऊच नये. हिमोग्लोबिनकडे आधीच्या आकड्याशी तुलना करून बघा. टेस्टोस्टेरॉन दबलं की लाल पेशी कमी बनतात आणि हार्मोनच्या इंजेक्शनवर काही महिन्यांत हिमोग्लोबिन साधारण १ ते २ ग्रॅम उतरतं. १४ चं १२.५ झालं तर रिपोर्टवर फारसं कुणी थांबत नाही, पण ६८ व्या वर्षी जिना चढताना ते जाणवतं. अशी घट लोहाच्या गोळीने भरून येत नाही, फेरिटिन कमी असेल तरच लोह. आणि लोह सुरू करायचं तर रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारूनच. लोहाने बद्धकोष्ठ होतं, गुदाशय मळाने भरलेला राहतो, त्याने प्रोस्टेट पुढे ढकललं जातं आणि डोसआधीच्या रोजच्या स्कॅनमध्ये जागा जुळत नाही. मग टेबलावरून उतरवून पुन्हा संडासला पाठवतात, पुन्हा पाणी पाजतात, आणि त्या दिवसाचा तास-दीड तास आणखी जातो.

रक्तदाब आडवं पडून आणि उभं राहून, दोन्ही मोजून घ्या. लघवी मोकळी व्हावी म्हणून दिलेलं टॅमसुलोसिन आणि आधीपासूनची बीपीची गोळी मिळून दाब उभं राहताच खाली जाऊ शकतो. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा जास्त घसरला तर "अंगात दम नाही" या तक्रारीचं निम्मं उत्तर तिथेच असू शकतं. बीपीच्या गोळीचा डोस फिजिशियन बदलतील, गोळी आपण बंद करायची नाही. सर्दीची गोळी, झोपेची गोळी, खाजेची गोळी हेही सगळं यादीत लिहून न्या.

झोपेचं गणित इथे सगळ्यात जास्त बिघडतं. रेडिएशनने मूत्राशय चिडतो, रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. हार्मोनच्या इंजेक्शनने मध्यरात्री अंग तापून घाम फुटतो. अशा तुकड्यातुकड्यांच्या झोपेने तरुण माणूसही तीन दिवसांत लोळागोळा होईल. त्यावर बहुतेक जण पाणीच तोडतात, आणि ते उलटं पडतं: लघवी दाट होते, जळजळ वाढते, एप्रिल-मेच्या उन्हात तर चक्कर येते. दिवसाचं दोन लिटरच्या आसपास पाणी संध्याकाळी सहापर्यंत संपवा, त्यानंतर घोट-घोट. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून घ्या. चार वाजल्यानंतर चहा नाही, कारण चहा मूत्राशयालाही डिवचतो. टॅमसुलोसिन रात्रीच्या जेवणानंतर. दुपारची झोप तीन वाजायच्या आत आणि गजर लावून अर्धा तास. आत्ताची दोन तासांची झोप रात्रीची झोप खाते.

रेडिएशनआधी मूत्राशय भरण्याचं पाणी यात वेगळं धरा. बऱ्याच ठिकाणी लघवी करून मग ५०० मिलिलिटर पाणी प्यायला सांगतात आणि ३० ते ४५ मिनिटं थांबवतात. तुमच्या केंद्राने जे प्रमाण आणि वेळ दिली असेल तीच रोज ठेवा. निफाडहून निघताना गाडीतच पाणी पिऊ नका. नाशिकच्या द्वारका चौकात वाहतूक अडकली की पोहोचेपर्यंत मूत्राशय तुडुंब होतो आणि माणूस टेबलावर कळ काढत राहतो. केंद्रात पोहोचून नंबर कधी लागेल ते विचारा, मग घड्याळ लावून प्या. रोजची सत्तर-ऐंशी किलोमीटरची ये-जा हाही थकव्याचा मोठा वाटा आहे. शक्य असेल तर उरलेल्या डोसांपुरतं नाशिकमध्ये नातेवाइकांकडे राहणं चांगलं. ते जमत नसेल तर सकाळचा ठरलेला स्लॉट मागून घ्या, म्हणजे दुपारचं ऊन तरी टळेल.

आता ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, आणि जे ऐकून घरचे हमखास नाराज होतात, ते: वडिलांना चालवा. थकलेल्या माणसाला चालायला लावणं निर्दयपणाचं वाटतं, म्हणून प्रेमापोटी "बाबा, तुम्ही बसा" सुरू होतं आणि पाणीसुद्धा हातात मिळायला लागतं. हार्मोनच्या इंजेक्शनने स्नायू तसेही झडत असतात, बसून राहिल्याने ते आणखी वेगाने झडतात. मग तेवढंच काम जास्त जड वाटतं आणि माणूस आणखी बसतो. स्कॉटलंडमध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रोस्टेटसाठी रेडिएशन घेणाऱ्या पुरुषांना आठवड्यात किमान तीन दिवस ३० मिनिटं चालायला सांगितलं. ज्यांना दमलात तर आराम करा असा सल्ला होता त्यांचा थकवा उपचाराअखेर वाढला, चालणाऱ्यांचा तसा वाढला नाही. कॅनडात २००९ च्या १२१ पुरुषांच्या चाचणीत २४ आठवडे व्यायाम दिला, आणि वजनाच्या व्यायामाचा फायदा जास्त काळ टिकला. व्यायामाने दाह कमी होतो आणि स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया वाढतात, म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही धाग्यांवर तो काम करतो.

सुरुवात छोटी ठेवा. पहिले तीन दिवस सकाळी १० मिनिटं आणि संध्याकाळी १० मिनिटं, सपाट रस्त्यावर. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढाच वेग. दर तीन-चार दिवसांनी पाच-पाच मिनिटं वाढवत दिवसाला ३० मिनिटं, आठवड्यात पाच दिवस. नाशिकला राहिलात तर गोल्फ क्लब मैदानाचा किंवा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक बरा, खाली पाय नीट पडतो. गावी बागेच्या ओळींतून फेरी मारली तरी चालते, फक्त बूट घालून, कारण या इंजेक्शनने हाडं ठिसूळ होतात आणि ढेकळांत पाय मुरगळून पडणं परवडणारं नाही. आठवड्यात दोन दिवस, मध्ये एक-दोन दिवस सोडून, स्नायूंचे व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता उठ-बस ८ ते १०, भिंतीला हात लावून रेटणं तेवढंच, टाचा उचलणं तेवढंच, एक लिटरची पाण्याची बाटली हातात घेऊन कोपर मागे ओढणं तेवढंच. असे दोन फेरे. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त गळाल्यासारखं झालं तर प्रमाण निम्मं करा, पण बंद करू नका. ताप असेल, छातीत दुखत असेल, हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही. ज्यांचा रोग हाडांत गेला आहे त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

शेतीची कामं पूर्ण तोडू नका. खरड छाटणी कशी चालली आहे ते सकाळी उभं राहून बघणं, हिशेब, मजुरांशी बोलणं, एवढं वडिलांकडेच ठेवा. फवारणी आणि ओझी उचलणं मात्र या काळात दुसऱ्याकडे. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान बहुतेकांना बरं वाटतं, तेव्हाच महत्त्वाचं काम उरका.

खाण्यात प्रथिनं कमी पडतात, कारण वात धरू नये म्हणून हरभरा, वाटाणा, चवळी, कोबी बंद केलेला असतो. तो बंदच ठेवा, पण त्याच्या जागी काहीतरी द्या: मुगाचं घट्ट वरण, दही, पनीर, खात असतील तर दोन अंडी, मासे. क्रिएटिनिन ठीक असेल तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. जुलाब सुरू झाले तर दूध थांबवा, ओआरएस द्या आणि केंद्रात सांगा. पोटॅशियम उतरलं की पायातलं त्राणच जातं.

अश्वगंधा आणि शिलाजीत देऊ नका. दोन्ही "ताकदीसाठी" दिली जातात, पण टेस्टोस्टेरॉन वाढवण्याच्या नावावर विकली जाणारी वस्तू, टेस्टोस्टेरॉन दाबण्यासाठी इंजेक्शन चालू असताना देणं म्हणजे उपचाराच्या विरुद्ध ओढणं. अश्वगंधेने यकृताला सूज आल्याचीही नोंद आहे. लेबल नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं: आठवडाभर उत्साह येतो, मग साखर चढते आणि पुडी बंद केली की माणूस पार कोसळतो. क आणि ई जीवनसत्त्वांचे मोठे डोसही रेडिएशन संपेपर्यंत नकोत. थकव्यावर मिथाइलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधं आहेत, पण त्यांचे निकाल संमिश्र आहेत आणि बीपी-हृदयाच्या रुग्णाला ती धोक्याची. वडिलांच्या टप्प्यावर मी ती सुचवणार नाही.

मनाचाही प्रश्न थेट विचारा. हार्मोनच्या इंजेक्शनवर उदासी येते आणि आपल्याकडे पुरुष ती "अशक्तपणा" म्हणूनच सांगतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं झालंय का? मन बहुतेक दिवस खिन्न असतं का? दोन्हींपैकी एकालाही "हो" असेल तर ते ओपीडीत सांगा, त्यावर उपचार आहेत.

रोज रात्री एकाच वेळी वहीत ० ते १० मध्ये थकव्याचा आकडा लिहा, शेजारी रात्री किती वेळा उठले आणि किती मिनिटं चालले ते. १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७ पासून पुढे तीव्र. सलग काही दिवस चार किंवा त्याच्या वर राहिला तर वही घेऊन डॉक्टरांसमोर बसा. "खूप थकवा आहे" यापेक्षा "सहावरून आठवर गेला, रात्री पाच वेळा उठतात" यावर डॉक्टरांना काहीतरी करता येतं. निव्वळ थकव्यासाठी डोस चुकवू नका, मधल्या खंडाने उपचाराचा जोर कमी होतो. मात्र १००.४ च्या वर ताप, लघवी तुंबणं, लघवीत रक्ताच्या गुठळ्या, आडवं पडल्यावर धाप, बोलण्यात गोंधळ, किंवा पाठदुखीबरोबर पायातली ताकद जाणं यातलं काहीही झालं तर पुढच्या डोसची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

वीसच्या वीस डोस झाले की लगेच बरं वाटेल अशी अपेक्षा वडिलांना देऊ नका. थकवा शेवटच्या आठवड्यात आणि त्यानंतरचे काही दिवस सर्वाधिक असतो, मग साधारण चार ते आठ आठवड्यांत उतरतो. इंजेक्शन चालू असेपर्यंत त्याचा एक भाग राहतो आणि शेवटच्या इंजेक्शननंतरही टेस्टोस्टेरॉन वर यायला कित्येक महिने लागतात, सत्तरीकडे झुकलेल्यांना वर्षही. रेडिएशन संपून दोन महिने झाले आणि वहीतला आकडा अजून पाचच्या वर असेल, तर सीबीसी आणि टीएसएच पुन्हा करा, हृदयाची तपासणी करून घ्या आणि इंजेक्शन एकूण किती महिने ठरलंय ते डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.